ब्लॅक सॅबथ
‘हेवी मेटल’ या रॉक संगीतप्रकाराचा आद्य प्रवर्तक मानला जाणारा इंग्लिश वाद्यवृंद. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन या कामगारवस्तीतील टोनी आयोमी (गिटार), गीझर बटलर (बेस गिटार), बिल वॉर्ड (ड्रम) व ऑझी ऑझ्बर्न (गायन) यांनी तो १९६८ मध्ये स्थापन केला. पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली होती. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचे काम याच हाताकडे होते. वितळविलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या बोटांवर चढवून तो वाजवू लागला. ताण कमी व्हावा म्हणून त्याने हलक्या तारा वापरल्या व पुढे त्यांचा स्वरही उतरविला. त्यातून निघालेला जड, खर्जातील नाद हीच या वृंदाची ओळख ठरली. पहिली ध्वनिमुद्रिका (१९७०) समीक्षकांनी झिडकारली, श्रोत्यांनी मात्र उचलून धरली. व्यसनांच्या अतिरेकामुळे १९७९ मध्ये ऑझ्बर्नला काढण्यात आले. रॉनी जेम्स डिओच्या गायनाने हेवन अँड हेल (१९८०) यशस्वी झाली. पण पुढे गायक वारंवार बदलत गेले, कायम राहिला तो आयोमीच. १९९७ मध्ये चौघे बर्मिंगहॅमला पुन्हा एकत्र आले. थर्टीन (२०१३) या ध्वनिमुद्रिकेत मात्र, कराराच्या अटी न पटल्याने, वॉर्ड नव्हता. ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधीलच व्हिला पार्क मैदानावर चौघांनी अखेरचे वादन केले. कंपवाताने जर्जर झालेला ऑझ्बर्न आसनावर बसून गायला. २२ जुलै रोजी त्याचे निधन झाले.