कुटी आणि उघडी हवा: वार्धक्यचिकित्सेच्या दोन वाटा

आयुर्वेदाच्या आठ अंगांत ‘जराचिकित्सा’ अथवा ‘रसायनतंत्र’ हे स्वतंत्र अंग मानलेले आहे, आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा आरंभ ज्वरासारख्या एखाद्या रोगाने न होता रसायनाच्या अध्यायाने होतो, ही गोष्ट प्राचीन वैद्यांची दृष्टी समजण्यासाठी महत्त्वाची आहे. जरा म्हणजे म्हातारपण, आणि रसायन म्हणजे शरीरातील रसादी धातू उत्तम राखून बळ, स्मृती व आयुष्य टिकवणारा उपाय. च्यवन ऋषींच्या कथेशी जोडला गेलेला, पाचशे आवळ्यांपासून सिद्ध होणारा च्यवनप्राश याच अध्यायातला असला, तरी आज घरोघरी चमचाभर घेतला जाणारा हा अवलेह रसायनाच्या विस्तृत योजनेचा एक लहान अंश होता.

रसायनसेवनाच्या दोन पद्धती चरकाने सांगितल्या आहेत. पहिली कुटीप्रावेशिक: एकात एक अशा तीन दालनांची, जाड भिंतींची, बारीक झरोक्यांची आणि कोणत्याही ऋतूत सुखावह अशी कुटी बांधून, उत्तरायणात शुक्लपक्षातील शुभ दिवशी तीत प्रवेश करायचा, शोधनाने म्हणजे कोठा साफ करणाऱ्या उपचारांनी शरीर शुद्ध करायचे, आणि मग औषधसेवन सुरू करायचे. दुसरी वातातपिक, म्हणजे वारा-ऊन अंगावर घेत, नेहमीचे व्यवहार चालू ठेवून करायची. पहिली श्रेष्ठ पण अतिशय दुष्कर असल्याचे ग्रंथकार स्वतःच नमूद करतो, कारण ती निरोगी, संयमी, सवड असलेल्या आणि सेवक व साधनसामग्री बाळगणाऱ्या माणसालाच झेपणारी होती, इतरांसाठी दुसरी. वृद्धत्वाच्या उपचारातील आर्थिक विषमता इतक्या स्पष्टपणे मांडणारे विधान प्राचीन वैद्यकात क्वचितच सापडेल. सुश्रुतसंहितेने यात आणखी एक अट घातली: रसायन तारुण्यात किंवा मध्यम वयातच घ्यावे आणि शुद्ध शरीरावरच घ्यावे, कारण मळक्या वस्त्रावर रंग चढत नाही.

याहून मोलाचा विचार चरकाच्या रसायनाध्यायाच्या शेवटच्या भागात येतो, तो आचाररसायनाचा. सत्य बोलणे, राग आवरणे, मद्यापासून दूर राहणे, शक्तीबाहेर श्रम न करणे, झोप व जागरण यांत समतोल राखणे, दूध-तुपाचे नित्य सेवन करणे आणि वडीलधाऱ्यांच्या सहवासात राहणे असे वर्तन ठेवणाऱ्यास औषधाविनाही रसायनाचे फळ मिळते, असे त्यात म्हटले आहे. मनाची प्रसन्नता येथे केवळ औषधाच्या जोडीला सुचवलेली नसून औषधाच्या जागीही ठेवलेली आहे.

कुटीप्रवेशाच्या पहिल्या वाटेचा आधुनिक काळातील सर्वांत गाजलेला प्रयोग १९३८ च्या आरंभी प्रयागला झाला. बनारस हिंदू विद्यापीठाचे संस्थापक पंडित मदनमोहन मालवीय यांनी वयाच्या ७६ व्या वर्षी एका साधूच्या देखरेखीखाली बंद कुटीत राहून ‘कायाकल्प’, म्हणजे शरीराला पुन्हा तारुण्य देण्याचा उपचार, करून घेतला. वर्तमानपत्रांतून त्याची देशभर चर्चा झाली. तथापि सुश्रुताची अट पाहता, इतक्या उतारवयात केलेला हा प्रयोग मूळ शास्त्राच्या चौकटीत पूर्णपणे बसत नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. मालवीय १९४६ मध्ये निवर्तले.

महाराष्ट्रात त्याच सुमारास दुसऱ्या वाटेला मिळतीजुळती एक परंपरा आकार घेत होती, जरी तिचा उगम थेट संहितेत नव्हता. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी पाश्चात्त्य व्यायामपटू युजेन सँडो याच्या पद्धतीचा व्यायाम काही वर्षे करून पाहिल्यानंतर सूर्यनमस्काराचा अंगीकार केला, संस्थानातील शाळांत तो सुरू केला आणि १९२८ मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. ज्याला ना कुटी लागते ना सेवक, असा हा व्यायाम लहानपणीच अंगवळणी पाडायचा आणि तो म्हातारपणापर्यंत चालवायचा, हा त्यांचा आग्रह होता.

महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांच्या दीर्घायुष्याचा विचार याच संदर्भात करावा लागतो, मात्र एका माणसाच्या आयुष्यावरून नियम काढता येत नाही हे भान ठेवूनच. स्वतः स्थापन केलेल्या महिला विद्यापीठासाठी त्यांनी सत्तरी उलटल्यावर जगप्रवास आरंभला, १९३६ मध्ये खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले आणि पंच्याऐंशी उलटल्यावर, १९४४ मध्ये, समता संघाची स्थापना केली. वयानुसार कामाचे स्वरूप बदलले, पण कामाची गरज वाटणे थांबले नाही.

मात्र आचाररसायनाच्या कल्पनेत वृद्ध हा मान मिळणारा, सेवा घेणारा पुरुष गृहीत धरलेला आहे. केशवपन झालेल्या, दुसऱ्याच्या घरी आश्रित असलेल्या विधवेच्या वाट्याला ते वार्धक्य येणे जवळपास अशक्य होते. म्हणूनच कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले (१८७०–१९५५) यांचे चरित्र या इतिहासात कर्व्यांच्या चरित्राइतकेच ध्यानात घेण्याजोगे आहे: तरुणपणी वैधव्य आलेल्या या बाईंनी कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली, १९१८ मध्ये इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिका गाठली आणि ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र लिहिले. त्यांना पंचाऐंशी वर्षांचे आयुष्य लाभले, आणि त्यातला मोठा भाग त्यांनी कुणाच्या माजघरात नव्हे, तर स्वतः उभारायला मदत केलेल्या संस्थेच्या कामात घालवला.