नाडीपासून नोंदवहीपर्यंत

मंडळी, भुईगावात बोलायचं म्हणजे समुद्राचा वारा माइकमध्ये शिरणारच. तेवढं सांभाळून घ्या.

सप्टेंबर २०२० आठवून बघा. १५ तारखेला राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि दारोदार पथकं फिरू लागली. कपाळासमोर तापमापक, बोटाला ऑक्सिमीटर. अनेक म्हाताऱ्या माणसांच्या बोटाला आयुष्यात पहिल्यांदाच असं काही लागलं. पण शरीराची खूण वाचण्याची ही धडपड जुनी आहे. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरसंहितेत नाडीची चाल साप, बेडूक, हंस यांच्या चालीवरून सांगितली आहे. तिथे आकडा नाही, उपमा आहे. वैद्याचं बोट हेच यंत्र, आणि तो वैद्य बहुधा रोग्याच्या तीन पिढ्या ओळखणारा.

आकडा नंतर आला. १७०७ मध्ये इंग्लंडच्या जॉन फ्लॉयर यांनी नाडी मोजायला मिनिटाच्या घड्याळाचा पुरस्कार केला. रिवा-रोच्ची यांचा रक्तदाबाचा पट्टा १८९६ चा, स्टेथोस्कोपने ठोके ऐकण्याची कोरोत्कोव्ह यांची रीत १९०५ ची. ऑक्सिमीटरचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास मांडलं. ही यादी इथेच सोडू, कारण आपल्या कामाचा माणूस वेगळा आहे: जर्मनीचा वुंडरलिश. १८६८ च्या ग्रंथात त्याने सुमारे २५ हजार रुग्णांच्या तापाच्या नोंदी मांडल्या, आणि ३७ अंश, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट, ही ‘नॉर्मल’ची रेघ जगभर रूढ झाली. म्हाताऱ्यांचं तापमान तरुणांपेक्षा कमी असतं, हेही त्यानेच नोंदवलं होतं. रेघ राहिली, ही टीप मात्र मागे पडली.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक नव्हे. पण डॉक्टरही असलेला फ्रेंच तत्त्वज्ञ कांगिलेम वर्गात यायचाच. त्याचा १९४३ चा प्रबंध ‘नॉर्मल’ आणि ‘रोगी’ या शब्दांवरच आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की सरासरी म्हणजे आरोग्य नव्हे; ज्याचं शरीर, त्याच्याशीच तुलना. वृद्धांना सांभाळणाऱ्या संस्थांसाठीच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचना २००८ मध्ये याच जागी आल्या. तोंडात घेतलेलं तापमान एकदा १०० फॅरनहाइटच्या वर गेलं तर ताप धराच. पण नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंश चढलं, तरी तोही ताप. म्हणजे ‘नेहमीचं’ आधी लिहून ठेवलेलं हवं. नाहीतर कशापेक्षा चढलं म्हणणार?

यंत्रही निर्दोष नाही. अमेरिकेतल्या एका अभ्यासाने डिसेंबर २०२० मध्ये दाखवलं, की रक्तातला ऑक्सिजन खरोखर घसरलेला असताना ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवतो, आणि हे गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीयांत जवळजवळ तिप्पट वेळा घडतं. आपल्या सावळ्या बोटांनी याची दखल घ्यायला नको का?

आता घरचं सांगतो. आमची मावशी शेवटची दोन वर्षं एका वृद्धाश्रमात होती. तिथल्या नोंदवहीत सलग दोन आठवडे एकच ओळ होती: ९८.४, ९८.४, ९८.४. कुणीतरी खाटेजवळ न जाताच लिहीत होतं. आम्ही दर रविवारी जायचो, ती वही उघडलीच नाही; दोष एकट्या त्यांचा नाही. मग एका सकाळी तिथली मावशीबाई म्हणाली, “आजींनी आज चहा नको म्हटलं. आजी चहा सोडत नाहीत.” तिने स्वतः थर्मामीटर लावला: ९९.६. फोनवर डॉक्टर म्हणाले, एवढा काही ताप नाही. ती ऐकेना. तिने आपल्या छोट्या डायरीत आधीच्या महिन्यात मावशीचं तापमान स्वतः घेऊन लिहिलं होतं, ९७.२ च्या आसपास. म्हणजे २ अंशांहून जास्त चढ. संध्याकाळी रुग्णालयात न्यूमोनिया निघाला. मावशी त्यातून उठली आणि पुढे आठ महिने होती.

आम्ही त्या बाईंना विचारलं, ही डायरी कुणी ठेवायला सांगितली? म्हणाल्या, “वहीत खरं लिहायला वेळ देत नाहीत, म्हणून घरून आणली.”