धर्मखाते आणि राज्याचा धर्म : निजामी मराठवाड्यातील एका संस्थेचा इतिहास

हैदराबाद संस्थानात ‘उमूर-ए-मजहबी’ नावाचे एक सरकारी खाते होते. अरबी ‘उमूर’ म्हणजे बाबी. तेव्हा नावाचा सरळ अर्थ ‘धार्मिक बाबी’ एवढाच. इंग्रजी कागदपत्रांत त्याला ‘इक्लेझियास्टिकल डिपार्टमेंट’ म्हटले गेले, तर मराठीत ‘धर्मखाते’. ही तीन नावे एकमेकांचे पर्याय मानता येत नाहीत. इंग्रजी नावाच्या मुळाशी ग्रीक ‘एक्लेसिया’, म्हणजे श्रद्धावंतांची संघटित सभा, पर्यायाने चर्च, आहे. अरबी नावात अशी संघटना अभिप्रेत नाही. मराठी नावातील ‘खाते’ हा शब्द मात्र धर्माला महसूल आणि जंगल यांच्या पंक्तीस बसवितो. नांदेड-लातूर परिसराच्या इतिहासापुरते पाहिले तर मराठी नावच वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते.

राज्याने पुरस्कारलेल्या चर्चचे नमुने वेगळे आहेत. इंग्लंडमध्ये १५३४ साली राजा चर्चचा प्रमुख झाला. तेथे चर्च ही संस्था आधीच होती आणि राज्याने ती ताब्यात घेतली. पोर्तुगीज गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन आले. तेथे राज्य आणि चर्च यांचे साहचर्य प्रजेच्या धर्मांतराशी बांधलेले होते. हैदराबादेत राज्यकर्ता मुसलमान, बहुसंख्य प्रजा हिंदू, आणि इस्लाममध्ये चर्चसारखी श्रेणीबद्ध धर्मसत्ता नाही. अशा स्थितीत राज्य आणि धर्म यांना जोडणारा दुवा कोणता, हा प्रश्न उरतो. तो दुवा प्रामुख्याने जमिनीचा होता.

देऊळ, मठ, मशीद वा दर्गा यांच्या सेवेबद्दल दिलेली जमीन ती ‘खिदमतमाश’. व्यक्तीच्या किंवा कुटुंबाच्या निर्वाहासाठी दिलेली ती ‘मदतमाश’. इनामाची चौकशी होऊन जे निर्णयपत्र मिळे ते ‘मुंतखब’. इनाम कोणाच्या नावे, किती जमिनीचे आणि कोणत्या सेवेबद्दल, हे त्यावरून ठरे. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पुजारी आणि मुजावर या दोघांनाही हीच परिभाषा लागू होती. सिद्धान्त कोणता, हे ती विचारीत नाही. सेवा कोण करतो, हे विचारते. मूळ इनामदार वारला की ‘विरासत’ मंजूर व्हावी लागे. परंपरेने चालत आलेला पूजेचा अधिकार अशा रीतीने कचेरीत सिद्ध करावयाचा दावा बनला. १३४९ फसलीच्या (१९३९-४०) धर्मादायविषयक नियमांनी ही व्यवस्था आणखी बांधेसूद केली.

या इतिहासाची दोन वाचने प्रचलित आहेत. एकानुसार हैदराबाद हे धर्मांध इस्लामी राज्य होते. दुसऱ्यानुसार देवळांनाही अनुदाने देणारे ते उदार राज्य होते. दोन्ही वाचनांना पुरावे मिळतात, कारण दोन्ही राज्यकर्त्याच्या वृत्तीचा शोध घेतात. उस्मानिया विद्यापीठाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठात मुसलमान विद्यार्थ्यांना ‘दीनियात’ आणि इतरांना ‘अखलाकियात’, म्हणजे नीतिशास्त्र, शिकविले जाई. याला सक्ती म्हणावे की सवलत, हा वाद संपणारा नाही. परंतु कोणास धर्मशास्त्र आणि कोणास नीती, ही विभागणी राज्य करीत होते, याबद्दल दुमत होऊ नये. वर्गीकरणाचा हा अधिकार हेच धर्मखात्याचे खरे बळ होते.

देणारा हातच परवानगीही देणारा असल्यामुळे या व्यवस्थेत संघर्षाचे बीज होते. जुन्या देवस्थानांशी राज्याचा व्यवहार इनामांतून चाले. ज्यांच्याजवळ ना सनद ना मुंतखब, अशा नव्या धार्मिक चळवळींसाठी त्यात जागाच नव्हती. आर्यसमाज ही अशी चळवळ. तिचे मराठवाड्यातील एक प्रमुख केंद्र उदगीर, जे तेव्हा बीदर जिल्ह्यात होते आणि आज लातूर जिल्ह्यात आहे. आर्यसमाजाला राज्याकडून इनाम नको होते. मंदिर, यज्ञशाळा वा हवनकुंड उभारण्यास धर्मखात्याची परवानगी लागू नये, ही त्याची मागणी होती. ऑक्टोबर १९३८ मध्ये सुरू झालेला सत्याग्रह ऑगस्ट १९३९ मध्ये थांबला. तो हिंदू-मुस्लिम संघर्षाच्या चौकटीत सांगितला जातो, आणि त्याला तशी बाजू होतीही. तथापि धर्म ही आधी मंजूर व्हावयाची बाब आहे, या गृहीतालाच त्याने आव्हान दिले, हे त्याचे वेगळेपण त्या कथनात झाकले जाते.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. राज्याचा धर्म गेला. धर्मखात्याने घडविलेला संबंध मात्र पूर्णतः गेला नाही. इनामांच्या चौकशीसाठी १९५२ साली हैदराबाद अतियात चौकशी कायदा झाला. वक्फ मालमत्ता १९५४ च्या आणि नंतर १९९५ च्या केंद्रीय कायद्याखाली आल्या. देवस्थानांना पुढे मुंबईचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू झाला. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यासाठी हैदराबाद विधिमंडळाने राज्यपुनर्रचनेपूर्वी, १९५६ साली, स्वतंत्र कायदा केला. अशा रीतीने माहूरची रेणुका, कंधारचा दर्गा आणि नांदेडचा गुरुद्वारा ही एकाच जिल्ह्यातील तीन क्षेत्रे तीन कायद्यांच्या कक्षेत आली. धर्मखात्याने एका छताखाली केलेले वर्गीकरण आता वेगवेगळ्या कायद्यांत विभागले गेले.

याचा अर्थ निजामी राजवट आणि प्रजासत्ताक एकाच मापाने मोजावेत असा नव्हे. १९५० च्या संविधानाने धार्मिक व्यवहाराचे स्वातंत्र्य हक्क म्हणून दिले, आणि हक्क व मंजुरी यांत मूलभूत अंतर आहे. पण ते अंतर दर वेळी राखावे लागते. २०२४ साली गुरुद्वारा मंडळाच्या सतरा सदस्यांपैकी बारा शासननियुक्त करण्याचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने स्वीकारला; शीख संस्थांनी विरोध केल्यावर तो स्थगित करावा लागला. मतभेद श्रद्धेविषयी नव्हता. संस्थेच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा आणि तो कोणी ठरवावयाचा, याविषयी होता. विरासतीच्या दाव्यांतील प्रश्नही याच जातीचा होता. म्हणून मराठवाड्यातील राज्य आणि धर्म यांच्या संबंधांच्या अभ्यासकाने फर्मानांइतकेच मुंतखबांकडेही लक्ष द्यावयास हवे. फर्मानांत राज्यकर्त्याची भूमिका सापडते. ती भूमिका बदलल्यावरही टिकून राहणाऱ्या व्यवस्थेची भाषा मुंतखबांत सापडते.