फिरती पेटी आणि सूचनालय

ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त मागे वळून पाहताना एक प्रश्न मनात उभा राहतो : ज्ञान दाराशी आले म्हणजे ते घरात येते काय? बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण मुलींसह राज्यभर लागू केले; १९१० मध्ये ग्रंथालय खाते काढून पुढे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी धाडल्या. आधी वाचक घडविला, मग ग्रंथ पोचविला.

आपल्या शेजारी, पवारांच्या जुन्या धार संस्थानाच्या मुलखात, १ जानेवारी २००० रोजी ‘ज्ञानदूत’ योजना सुरू झाली. गावच्या सूचनालयातील संगणकावर शेतकऱ्यास बाजारभाव व जमिनीचे उतारे मिळू लागले. त्याच वर्षी स्टॉकहोम येथे तिचा गौरव झाला. परंतु वीज व दूरध्वनी वारंवार खंडित होत. निरक्षरांचा व स्त्रियांचा वावर तेथे थोडाच राहिला. योजना ओसरली. पेटी पोचली होती, वाचक घडला नव्हता.

आज यंत्र खिशात आले आहे. अर्ज, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन त्याच वाटेने जातात. ती वाट न कळणारा साक्षरही परावलंबी होतो. म्हणून आपल्या वाचनकक्षात संगणक ठेवावा आणि त्याच्याशेजारी, विनामूल्य शिकविणारा एक माणूस बसवावा. दुसऱ्या शतकाचा प्रारंभ याहून उचित कोणता?