एसएमपीएसचा पंखा बदलताना

रात्री घर निजले, की टेबलाखालच्या संगणकाची घरघर विशेष जाणवू लागते. पुष्कळदा हा आवाज पॉवर सप्लायच्या, म्हणजेच बाजारात ज्याला ‘एसएमपीएस’ म्हणतात त्या पेटीच्या पंख्याचा असतो. हा पंखा काढून त्याजागी कमी आवाजाचा पंखा बसवता येतो. मात्र काम वाटते तितके साधे नाही. चूक झाल्यास यंत्राचीच नव्हे, तर जिवाचीही हानी होऊ शकते.

पंखा कशासाठी?

घरातील २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या डीसी विजेत रूपांतर करणे, हे एसएमपीएसचे काम. त्यात काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. संगणकाला २०० वॉट लागत असतील आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ७० टक्के असेल, तर सुमारे ८६ वॉट उष्णता पेटीतच निर्माण होते. कार्यक्षमता ८० टक्के असल्यास हाच आकडा ५० वॉटवर येतो. ही उष्णता बाहेर टाकणे, हे पंख्याचे काम. ज्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वरच्या बाजूस असतो, तेथे प्रोसेसरची गरम हवाही बरीचशी याच पंख्यावाटे बाहेर पडते. हवा अपुरी पडली, की आतील कपॅसिटर तापतात. तापमान १० अंशांनी वाढले, तर त्यांचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते. विदर्भातील उन्हाळ्यात खोलीच मुळात तापलेली असते, हेही लक्षात घ्यावे.

आधी निदान

आवाज नक्की कुठून येतो, हे प्रथम पाहावे. कागदाची सुरळी करून तिचे एक टोक कानाशी आणि दुसरे एकेका पंख्याच्या जवळ धरल्यास दोषी पंखा सापडतो. एसएमपीएसच्या जाळीतून मात्र बोट किंवा कोणतीही वस्तू आत घालू नये. आवाजाचे कारण अनेकदा साचलेली धूळ असते. धुळीने हवेचा मार्ग अडतो, पेटी तापते आणि तापमानानुसार वेग बदलणारा पंखा जोरात फिरू लागतो. अशा वेळी सफाईनेच काम भागते. खरखर किंवा किरकिर ऐकू येत असेल, तर बेअरिंग झिजले आहे, असे समजावे.

निवड कशी करावी?

नवा पंखा जुन्याच मापाचा हवा. जुन्या एसएमपीएसमध्ये बहुधा ८० मिलिमीटरचा, तर नंतरच्या अनेकांत १२० मिलिमीटरचा पंखा असतो. जाडी बहुतेक वेळा २५ मिलिमीटर असते. तरी मोजून घ्यावी. व्होल्टेज १२ डीसी असल्याची खात्री करावी आणि नव्या पंख्याचा अँपिअरचा आकडा जुन्यापेक्षा अधिक नसावा.

खोक्यावरील डेसिबलचा आकडा पाहून मोहात पडू नये. पंख्याचा वेग निम्मा केला, तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. पण हवाही निम्मीच मिळते. म्हणून दर मिनिटाला किती हवा फेकली जाते, तो सीएफएमचा आकडा जुन्या पंख्याच्या जवळपास असावा. तसेच अनेक एसएमपीएस सुरुवातीला पंख्याला १२ ऐवजी बरेच कमी व्होल्ट देतात. तेवढ्यावर नवा पंखा फिरू लागला नाही, तर पेटी तापतच राहते.

सर्वांत मोठा धोका

वीज बंद करून वायर काढली, तरी एसएमपीएसमधील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाबाची वीज साठून राहू शकते. एरवी ती हळूहळू ओसरते; परंतु ती ओसरवणारा भागच निकामी झालेला असेल, तर किती वेळ थांबलो याला अर्थ उरत नाही. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचा अनुभव नसलेल्यांनी झाकण उघडूच नये. हे काम जाणकार तंत्रज्ञाकडे सोपवावे. झाकण उघडताच वॉरंटीही सहसा संपुष्टात येते.

बसवल्यानंतर

पंख्याच्या तारा काही एसएमपीएसमध्ये छोट्या कनेक्टरने, तर काहींत थेट सोल्डरने जोडलेल्या असतात. लाल तार धन आणि काळी ऋण, ही नेहमीची पद्धत. हवेची दिशा जुन्या पंख्याप्रमाणेच ठेवावी. तारा पात्यांत अडकणार नाहीत, याची दक्षता घ्यावी. झाकण पूर्ण लावल्यावरच वीज द्यावी आणि थंड स्थितीत पंखा फिरतो का, हे पाहावे. त्यानंतर तासभर संगणकावर जड काम चालवून मागून येणारी हवा हाताने तपासावी. ती पूर्वीपेक्षा बरीच गरम लागली, तर जुन्या क्षमतेचा पंखा पुन्हा बसवणेच इष्ट.

एसएमपीएस जुना असेल, तर पंख्यावर खर्च करण्याऐवजी अधिक कार्यक्षम एसएमपीएस घेणे हिताचे. ‘८० प्लस’ प्रमाणपत्राचा येथे उपयोग होतो. मुळात उष्णताच कमी असेल, तर पंख्याला धावावे लागत नाही आणि शांतता आपोआप मिळते.