रथाचं चाक आणि रुंद स्की

कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. कृष्णाने तिला इथूनच रथातून नेलं म्हणतात. आमच्या इंजिनिअर डोक्यात भलताच प्रश्न: पावसाळा असता तर वर्धेकाठच्या काळ्या मातीत चाक रुतलं नसतं का? वजन तेच, टेकायला जागा कमी, की वस्तू रुतणारच.

भुसभुशीत बर्फात स्कीचंही हेच होतं. 1980च्या दशकाच्या शेवटी अ‍ॅटॉमिक कंपनीच्या रूपर्ट हुबरने रुंद स्की काढली, तेव्हा पट्टीच्या लोकांनी नाकं मुरडली. ही तर कच्च्या लोकांची कुबडी!

मग शेन मॅकॉन्की आला. असा बर्फ पाण्यासारखाच, म्हणत हा पठ्ठ्या 2001 मध्ये अलास्कात चक्क वॉटर स्की घालून उतरला. पाठोपाठ त्याची ‘स्पॅटुला’ बाजारात आली, पायाखाली 125 मिलिमीटर रुंद. कुबडीचं हत्यार झालं.

पण नुसती रुंदी पुरत नाही बरं का. वेगात मऊ स्की थरथरते, म्हणून मोठ्या डोंगरावरून सुसाट उतरणारे ताठ स्की घेतात. ती मात्र चूक माफ करत नाही, मांड्यांत दम नसेल तर वळतच नाही.

गुलमर्गचा गोंडोला 2005 पासून थेट अफरवटच्या उतारांवर नेतो. तिथे जाणार असाल तर रुंदी बर्फ बघून ठरवा, ताठपणा स्वतःच्या मांड्या बघून!