आधी विचारायचे कुणाला?

गुन्ह्यांवरचे माहितीपट हल्ली घरोघरी पाहिले जातात. आमच्या घरीही नातवंडे पाहतात, मग मीही बसतो. दर वेळी एकच प्रश्न मनात येतो. ज्या घरावर हे संकट कोसळले, त्या घरच्यांना कुणी विचारले होते का?

माझ्या वयाच्या पुणेकरांना १९७६-७७ चे दिवस आठवत असतील. संध्याकाळ झाली की लोक दारे लावून घेत. खटला ओळखला गेला तो बळी गेलेल्यांच्या आडनावांनी, जोशी-अभ्यंकर. पण आज कुणालाही विचारा, ओठांवर येते ते जक्कलचे नाव. गेली ती दहा माणसे कोण होती, हे फार थोड्यांना सांगता येईल.

माहितीपटांतही पुष्कळदा हेच होते. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेवर लेस्ली उडविन यांनी ‘इंडियाज डॉटर’ केला. बीबीसीने तो ४ मार्च २०१५ रोजी ब्रिटनमध्ये दाखवला, आपल्याकडे त्यावर बंदी आली. त्या मुलीचे आईवडील त्यात किती संयमाने बोलले आहेत! पण गाजली ती तिहार तुरुंगातल्या गुन्हेगाराची निर्लज्ज मुलाखत. त्याच वर्षी १६ डिसेंबरला आईने जाहीर सभेत मुलीचे नाव स्वतः उच्चारले. शरम गुन्हेगारांना वाटावी, आम्हाला का, असा त्यांचा सवाल होता. नाव कधी आणि कुठे घ्यायचे, हे त्या माउलीने ठरवले. मला ते फार मोलाचे वाटते.

याउलट निशा पाहुजा यांचा ‘टू किल अ टायगर’ (२०२२) पाहा. झारखंडच्या एका खेड्यातली तेरा वर्षांची मुलगी, तिघांनी केलेला अत्याचार. त्यांतल्याच एकाशी तिचे लग्न लावून प्रकरण मिटवा, असा गावाचा आग्रह. शेतकरी बाप मात्र कोर्टात गेला आणि तिघांना शिक्षा झाली. चित्रीकरण करणाऱ्यांवरही गावकरी संतापले. पण ती माणसे काम संपवून परत जाणार होती, त्या कुटुंबाला तिथेच राहायचे होते.

मुलीचा चेहरा झाकायचा असे आधी ठरले होते. पुढे ती अठरा वर्षांची झाल्यावर तिला माहितीपट दाखवला, आणि चेहरा झाकू नका, असे तिनेच सांगितले. त्यावरही आक्षेप आला आणि वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. अशा पीडितेची ओळख उघड करायला आपल्या कायद्याने बंदी आहे, आणि चित्रात तर ती तेरा वर्षांचीच दिसते. आक्षेप अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही.

तरी मला वाटते, खरी रीत हीच. दुःखाच्या पहिल्या दिवसांत माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. तो होकार कायमचा धरू नये. चित्र तयार झाल्यावर घरच्यांना दाखवावे, पुन्हा विचारावे, आणि ‘नको’ म्हणाले तर ते ऐकावे. लग्नपत्रिकेत नाव छापतानाही आपण घरच्यांना विचारतोच ना? मग इथे का नको?

असो. तुमचे मत वेगळे असेल तर जरूर लिहा.